खेळ त्यांचा, खाडा आमचा

नोव्हेंबर २०२० मध्ये सोनीचे प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे नवे एक्सबॉक्स बाजारात आले. कोरोनामुळे घरात अडकलेल्या श्रीमंत जगाने त्यासाठी झुंबड उडवली. लासुर्णेहून बारामतीच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला जाणाऱ्या तरुणाचा या खेळण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध पोटाशी आहे.

बारामतीत पियाजिओचा वाहन कारखाना आहे, तिकडे चाकणला मोटारींचे. चिपशिवाय आज गाडी बनत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या. चिप कारखान्यांनी ती क्षमता लॅपटॉप, मोबाईल, कन्सोलकडे वळवली. कन्सोलची मुख्य चिप तैवानमध्ये अत्याधुनिक तंत्राने बनते, मोटारीच्या चिपा बहुधा जुन्या तंत्राच्या. पण वीजपुरवठा सांभाळणाऱ्या जुन्या तंत्राच्या चिपा कन्सोललाही लागतातच. मोटारींचा खप पुन्हा वाढला तेव्हा रांगेत जागा उरली नव्हती, आणि नवा चिप कारखाना उभारायला दोन-तीन वर्षे जातात. सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने चिपअभावी सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील, उत्पादन २० ते २५ टक्क्यांनी घटेल, असे जाहीर केले.

अशा वेळी कायम कामगाराचा पगार कसाबसा तरतो. कंत्राटी कामगाराचा मात्र खाडा पडतो. तो कंत्राटी कामगार बहुतेक कोणाच्या घरातला असतो, हे चळवळीच्या वाचकांना सांगायला नको.

शेतीवरचा बोजा हलका करायचा तर औद्योगिकीकरण हवे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवरील निबंधात मांडले होते. म्हणून चिप कारखान्यांना आमचा विरोध नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पुढे प्रकल्पखर्चाचा निम्मा भार उचलण्याचेही ठरले. तळेगावसाठी चर्चेत असलेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला गेला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंगही काढून घेतले. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारला नाही : निम्मा पैसा जनतेचा, मग नोकऱ्यांत सामाजिक न्याय का नाही?

सरकारी पैसा घेणाऱ्या कारखान्यात अनुसूचित जाती-जमाती व ओबीसींना राखीव जागा, आयटीआयच्या मुलांना प्रशिक्षण आणि बंदच्या दिवसांचा पगार मिळालाच पाहिजे. नाहीतर कारखाना कुठेही उभा राहो, आमच्या वाट्याला फाटकावरची हजेरीच येईल.