भाताचा डोंगर कमी करा, नाचणी सोडू नका

सुट्टीला मुंबईहून आलेली मुलं हल्ली पानात भात वाढू देत नाहीत. 'पॅलिओ' चालू आहे म्हणतात. अश्मयुगातला माणूस खायचा तेवढंच खायचं. धान्य, कडधान्य, दूध, साखर बंद. मासे, मटण, अंडी, भाज्या, कंद, फळं चालतील. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकन अभ्यासकांनी ही कल्पना वैद्यकातल्या नियतकालिकात मांडली. पुढे लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२च्या पुस्तकाने ती जगभर नेली.

वजन उतरतं, हे खरं. पण त्यात जादू काही नाही. भाताचा डोंगर, बिस्किटं, फरसाण आणि गोड चहा बंद झाले की पोटात जाणारे उष्मांक आपोआप घटतात, आणि मासे-अंड्यांमुळे भूक लवकर भागते.

माझं सांगणं एवढंच, की यातलं निम्मं घ्या आणि निम्मं सोडा. घ्यायचं ते आपल्या दारातच आहे. त्यासाठी अवाकाडो आणि डबाबंद बदाम मागवू नका. पेडवे आणि बांगडे स्वस्त, आणि हृदयाला चांगली चरबी त्यांच्यातच भरपूर. ते रव्यात घोळून तळण्यापेक्षा तिरफळ घालून आमटी करा. पेडव्यासारखी बारीक मासळी काट्यासकट चावून खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं. ओहोटीला कालवं, खुबे मिळतात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, अळू. थंडीत कणग्या, करांदे, सुरण. करांद्यात कडू जातही असते, तेव्हा रानातला कंद जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय शिजवू नका. सोलकढीत साखर नको. सुकी मासळी मात्र जपून, रक्तदाबवाल्यांना तिच्यातलं मीठ भोवतं. (आणि अश्मयुगाच्या नावाखाली कोणी रानडुकराची शिकार किंवा कासवाची अंडी सुचवली तर त्याला १९७२चा वन्यजीव कायदा दाखवा.)

सोडायचा तो धान्याचा आणि कडधान्याचा सरसकट तिटकारा. आपल्या मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. ती कोरणारी माणसं नेमकं काय जेवत, हे त्या रेघा सांगत नाहीत. पण इस्रायलमध्ये ओहालो येथे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी गहू आणि जवाचे दाणे सापडले आहेत. म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणूस धान्य खात होता. मग नाचणीने काय घोडं मारलंय? शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कुळथाच्या पिठीत प्रथिनं आणि चोथा दोन्ही. दूध आणि नाचणी दोन्ही तोडलीत तर वाढत्या मुलांच्या आणि उतारवयातल्या बायकांच्या हाडांचं काय?

'भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखा वाटणा नाय' म्हणणाऱ्यांनी भात खावा, पण उकड्या तांदळाचा, एक मूद. उरलेलं पान भाजीने आणि माशाने भरावं. कोंबडी-वडे सणावारी. आणि बाजाराला जायला दरवेळी स्कूटर काढू नये.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना भात एकदम तोडला तर साखर धोकादायक उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मासे-मटण वाढवणं घातक ठरू शकतं, आणि युरिक अॅसिडवाल्यांना पेडवे, खुबे त्रास देतात. अशांनी ताटात काहीही बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.