प्रगतीचा जमाखर्च

उद्याचा दिवस आजच्यापेक्षा चांगला असेल, हा विश्वास मानवी इतिहासात तसा अलीकडचा आहे. आपल्याकडे सत्ययुग मागे आणि कलियुग वाट्याला, अशीच कालगणना रूढ होती. युरोपातही सुवर्णयुग भूतकाळातच शोधले जाई. अठराव्या शतकात ही दृष्टी पालटली. काँदोर्से या फ्रेंच विचारवंताने 1793-94 मध्ये, अटकेच्या भीतीने लपून राहत असताना, मानवी बुद्धीच्या प्रगतीचा आलेख लिहिला आणि लवकरच तो कैदेत मरण पावला. महाराष्ट्रात आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू केला, तोही बुद्धीवरील अशाच निष्ठेने. पुढे मात्र प्रगती हा प्रयत्नाचा विषय न राहता काळाचा स्वभावच आहे, असे मानले जाऊ लागले. ही समजूत तपासून पाहण्यास पिंपळे गुरवसारखे गाव पुरेसे आहे.

पवनाकाठचे हे एके काळचे शेतीचे गाव. पलीकडे पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. 1951 च्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते; आज ते सत्तरीच्या घरात आहे. त्या वाढीत अशा औषधांचा वाटा मोठा आहे. पाठोपाठ मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने आले, 1982 मध्ये महानगरपालिका झाली, आणि 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17 लाखांवर गेली. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर येथून आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांना येथे नियमित पगार मिळाला, त्यांच्या मुलींना महाविद्यालय मिळाले. ‘पूर्वीचेच बरे होते’ असे म्हणणाऱ्यांनी ही जमेची बाजू नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु हिशेबाच्या वहीत खर्चाचेही पान असते. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत घडविणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये बजावले होते की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढता येत नाही. कारखान्याचे उत्पादन त्या आकड्यात मिळविले जाते. मलिन झालेली नदी त्यातून वजा होत नाही. उलट तिच्या शुद्धीकरणावरील खर्चही उत्पन्नाची वाढ म्हणूनच नोंदला जातो.

पवनेचा प्रवास पाहावा. मावळात धरण झाले; त्यासाठी जमिनी दिलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. शहरासाठी हे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते. ते धरणातूनच बंद जलवाहिनीने आणण्याच्या योजनेस मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक मृत्युमुखी पडले. शहराने वापरलेले पाणी खाली पिंपळे गुरवच्या काठाने वाहते, तेव्हा पवनेचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत लागलेले असते. पुढे मुळा, मुळा-मुठा आणि भीमा या मार्गाने तेच पाणी उजनीत पोहोचते. उजनीवर सोलापूर अवलंबून आहे. म्हणजे पोटासाठी पिंपळे गुरवला आलेल्या मुलाच्या घरचे सांडपाणी अखेर त्याच्या आईवडिलांच्या जिल्ह्यातील जलाशयास मिळते. प्रगतीचा लाभ एकाच्या पदरी आणि तिची किंमत दुसऱ्याच्या माथी, ही वाटणी बाजाराने आपोआप केलेली नाही. ती निर्णयांतून झाली आहे, आणि त्या निर्णयांत किंमत मोजणाऱ्यांना फारसे विचारले गेले नाही.

यावरून प्रगती हा केवळ भ्रम आहे, असा निष्कर्ष काढणे चूक होय. पेनिसिलिनने वाचलेले मूल हा भ्रम नव्हे. मात्र प्रगती ही नदीसारखी स्वभावतः पुढे वाहणारी गोष्ट नाही, एवढे निश्चित. ज्ञान आणि यंत्रे साठत जातात. न्याय तसा साठत नाही, तो प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावा लागतो. म्हणून समाज पुढे गेला की नाही, हे ठरविताना उंच इमारती मोजून भागणार नाही. धरणाच्या वर राहणाऱ्याला आपले म्हणणे मांडता आले काय, आणि नदीच्या खाली राहणाऱ्याला स्वच्छ पाणी मिळाले काय, हे दोन प्रश्न विचारावे लागतील. त्यांची उत्तरे होकारार्थी येईपर्यंत हा जमाखर्च अपुराच राहील.