आधी रॅक मोजा

"जिम काढतोय, ट्रेडमिल किती घेऊ?" कार्यालयात महिन्याकाठी असे दोन-चार फोन तरी येतात. विचारणारा बहुधा स्वतः मुरलेला लिफ्टर असतो. दहा-बारा वर्षे लोखंड उचललेला, राज्य स्पर्धेला जाऊन आलेला आणि गावातल्या जिममधल्या एकुलत्या एका रॅकपुढे ताटकळून वैतागलेला. त्याला 'आपल्यासारख्यांची' जिम काढायची असते. डोक्यात नकाशा मात्र तोच, ज्याला तो विटला आहे. दर्शनी काचेमागे ट्रेडमिलची ओळ, भिंतभर आरसे आणि रॅक कोपऱ्यात.

हा नकाशा असा का, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नेहमीची जिम चालते ती न येणाऱ्यांच्या पैशावर. नव्या वर्षाच्या ऑफरमध्ये वर्षाची फी एकरकमी भरलेली मंडळी होळीपर्यंत पांगू लागतात. वहीतले सगळे सभासद एकाच संध्याकाळी हजर झाले, तर मालकाला शटर ओढावे लागेल. ते येणार नाहीत, या भरवशावर फी कमी ठेवता येते.

जातिवंत लिफ्टर मात्र येतो. धो-धो पावसात येतो, पाडव्याला जिम बंद असेल तर किल्ली मागायला मालकाच्या घरी जातो. माणूस म्हणून तो मोलाचा, हिशेबात मात्र जड. तुमची जिम अशांसाठी असेल तर सभासदसंख्येवरून नफा काढायची सवय सोडा आणि आधी रॅक मोजा.

समजा, जिल्ह्याच्या गावी दीड हजार चौरस फुटांची जागा आहे आणि तीत चार रॅक. संध्याकाळी सहा ते दहा अशी चार तासांची गर्दीची वेळ. जड सेटनंतर तीन ते पाच मिनिटांची विश्रांती लागतेच, म्हणजे एका माणसाचा रॅकवर सव्वा तास सहज जातो. एका रॅकवर दोघे आळीपाळीने धरले, तर संध्याकाळी तीन फेऱ्या होतात, म्हणजे २४ माणसे. जिम आठवड्याला सहा दिवस, प्रत्येकजण चार दिवस येणार. म्हणून संध्याकाळचे सभासद ३६. सकाळही तेवढीच भरली (ती भरत नाही, पण धरू) तर ७२. यापुढे घेतलेला प्रत्येक सभासद दुसऱ्या कुणाचा तरी रॅक अडवणार.

आता दीड हजार रुपये महिना फी लावा. जमा एक लाख आठ हजार. चौरस फुटाला ४५ रुपयांनी भाडे साडेसदुसष्ट हजार. उरलेल्या चाळीस हजारांत वीज, दोन प्रशिक्षक, सफाई, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता बसवून दाखवा. बसत नाही. म्हणून मग मालक पावडरचे डबे विकायला ठेवतो, वार्षिक ऑफर काढतो, झुंबाचा वर्ग सुरू करतो आणि दोन वर्षांत त्याची जिम हुबेहूब शेजारच्या जिमसारखी होते.

याच जागेत ट्रेडमिल अजिबात न घेता सहा रॅक बसतात. याच गणिताने सभासद १०८ होतात. फी अडीच हजार ठेवली तर जमा होतात दोन लाख ७० हजार. सकाळ निम्मीच भरली, तरी दोन लाखांवर येतात. धावायला गावात मैदान आहे. एवढी फी कोण देणार, हा पुढचा प्रश्न. ज्याला दुसरीकडे चांगला बार मिळत नाही, तो देतो. पण मग बार चांगला हवा.

पुरुषांचा वेटलिफ्टिंगचा बार २० किलोचा, २.२ मीटर लांब आणि पकडीपाशी २८ मिलिमीटर जाड. महिलांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा. पॉवरलिफ्टिंगचा साधारण २९ मिलिमीटरचा, त्यावरच्या खुणा ८१ सेंटिमीटरवर; वेटलिफ्टिंगच्या बारवर त्या ९१ वर असतात. हे कुणाला शिकवायचे म्हणून नव्हे, तर खरेदीला जाताना कॅलिपर आणि काटा बरोबर न्यावा म्हणून सांगतो. आम्ही एका दुकानात २० ची म्हणून दिलेली प्लेट तिथेच काट्यावर ठेवली, ती १९ भरली. दुकानदार म्हणाला, "साहेब, एका किलोने काय होतं?" सांगलीच्या संकेत सरगरला विचारा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने ११३ आणि १३५ असे एकूण २४८ किलो उचलले. सुवर्ण मिळाले २४९ किलोला.

रॅक मात्र गावच्या फॅब्रिकेटरकडून बिनदिक्कत करून घ्या. तीन इंची चौकोनी पाइप, तीन मिलिमीटर जाडी, पाया जमिनीत बोल्टने आवळलेला, एवढे पुरते. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसला जो गोल्डने जिम काढली, तेव्हा त्यानेही बरीच यंत्रे स्वतःच्या हाताने बनवली होती. तिथे वाचलेला पैसा बारमध्ये घाला, आणि जमिनीत.

जमीन म्हणजे शब्दशः जमीन. जागा तळमजल्यावर घ्या. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलोच्या भारासाठी बांधतात, आणि तो भार शांत पडून असलेला धरतात. दोनशे किलोचा डेडलिफ्ट हातातून सुटला की जे होते त्याचा त्या आकड्यात हिशेब नाही. आमची पहिली जिम पहिल्या मजल्यावर होती, खाली दाताचा दवाखाना. एका संध्याकाळी डॉक्टर हातात प्लास्टरचा तुकडा घेऊन वर आले. भांडले नाहीत. तुकडा टेबलावर ठेवला आणि गेले. चार महिन्यांत आम्ही जागा बदलली, डिपॉझिटचे निम्मे पैसे तिथेच राहिले.

या टप्प्यावर कुणीतरी तालमीची आठवण काढतोच. तालमीत कुठे होती एवढी फी? बरोबर, नव्हती. तालमीला जागा संस्थानची, पेठेची नाहीतर नगरपालिकेची होती आणि मल्लाचा खुराक कुणीतरी आश्रयदाता पाहायचा. भाड्याच्या गाळ्यात तालमीची फी लावणारा मालक स्वतःच आश्रयदाता होऊन बसतो, तेही कर्ज काढून. तालमीतून उचलावे ते वेगळेच. नव्या पोराला वस्ताद सरळ सांगायचा, सहा महिने माती उकर, मग बघू. आपल्या जिममध्येही 'नाही' म्हणता आले पाहिजे. पहिल्या दिवशी स्क्वाटची खोली पाहा. ऐकून घेणारा असेल तर ठेवा, आरशात स्वतःलाच बघत राहिला तर फी परत करा.

हे 'नाही' आणखी एका ठिकाणी लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायला वापरतात ते मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन व्यायामाआधी टोचून घेणारी पोरे आपल्या राज्यात आहेत, आणि त्याचे साठे पोलिसांनी वारंवार पकडले आहेत. कट्टर लिफ्टरांची जिम हा या विक्रेत्यांना हक्काचा बाजार वाटतो. प्रशिक्षकच मधला दलाल निघाला तर त्याला त्याच दिवशी काढा, मग तो कितीही पदके जिंकलेला असो. सभासद तुटतील म्हणून डोळेझाक करणारा मालक आमच्या मते गुन्ह्यातला भागीदारच.

कराचे थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिट गेले. भाड्यावर आणि सामानावर भरलेला कर आता वजा होत नाही. भांडवलाचा कागद जुना असेल तर तो कर किमतीत धरून पुन्हा मांडा.

चार ते आठ रॅकची जिम तीन वर्षांहून अधिक काळ चालवणाऱ्या वाचकांना एक विनंती. भाडे, फी, रॅक आणि रोज प्रत्यक्ष येणारी माणसे, एवढे चार आकडे आम्हाला लिहून पाठवा. नाव-गाव न छापता ते पुढच्या अंकात देऊ. ट्रेडमिल किती, हे कळवले नाही तरी चालेल.