परदेशी शिष्यवृत्ती : पैशाआधी माहितीचा दुष्काळ

लोणार तालुक्यातील पिंपरी खंदारे हे गाव बुलढाणा जिल्ह्याबाहेर फारसे कुणास ठाऊक नव्हते. २०२१ साली तेथील राजू केंद्रे ह्या तरुणाची ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आणि लंडनच्या ‘सोआस’ ह्या संस्थेत ते उच्च शिक्षणासाठी गेले. भटक्या जमातीतील शेतकरी कुटुंब आणि घरातील पदवीधरांची पहिलीच पिढी, अशी त्यांची पार्श्वभूमी. त्यांनी उभारलेली ‘एकलव्य’ ही संस्था आज खेड्यापाड्यांतील मुलांना नामांकित विद्यापीठांची वाट दाखवीत आहे. ह्या घटनेकडे केवळ कौतुकाने पाहून थांबू नये, असे आम्हांस वाटते.

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या घरांत अभियांत्रिकी, व्यवस्थापन वा परिचर्या हीच नावे निघतात. सार्वजनिक धोरण हा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, हेच अनेकांस माहीत नसते. सरकारी पैसा कोठे खर्च व्हावा, योजना कशी आखावी, ती फसते का, ह्याचे हे शास्त्र आहे. बुलढाणा जिल्ह्याला त्याची गरज वेगळी सांगावयास नको. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्याग्रस्त भागासाठी मदत जाहीर केली, तेव्हा विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ह्यांवरचे निर्णय मुंबई-दिल्लीत होतात. ते घेणाऱ्यांमध्ये हे पाणी प्यायलेले किती जण असतात?

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला व ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. एका शिष्यवृत्तीचे फळ साऱ्या देशाला मिळाले.

आज दारे किती उघडी आहेत? राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे; तिच्या जागा ७५. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर ह्यांच्या मुलांसाठी आहेत. मात्र २०२२ साली केंद्राने नियम बदलून भारतीय संस्कृती, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. २०२५ साली निवड झालेल्या १०६ जणांपैकी प्रथम केवळ ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली. उरलेल्यांना निधीची वाट पाहावयास सांगण्यात आले. यादीत नाव आले म्हणजे विमानाचे तिकीट हाती आले, असे नव्हे.

आपल्या समाजाची अडचण आणखी निराळी आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे शेजाऱ्याइतकीच गरीब असूनही त्यांना अनुसूचित जातींसाठीच्या जागांवर अर्ज करता येत नाही. अल्पसंख्याकांच्या शैक्षणिक कर्जावर व्याज-सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. २०२४ साली राज्य शासनाने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्ती सुरू केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु सर्व अल्पसंख्याक समाज मिळून जागा २७ आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावे अशी अट.

म्हणून चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीचे महत्त्व वाढते. तेथे जात, धर्म वा वय विचारले जात नाही. पदवीनंतर दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. गावातील बचत गटाबरोबर वा संस्थेत मनापासून केलेले कामही तेथे मोलाचे ठरते. निवड झालेल्यास शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन असते. ‘शिकला की तिकडेच राहील’ ह्या भीतीला हे उत्तर आहे.

खरा अडसर पैशाच्याही आधी येतो. अर्ज साधारणतः ऑगस्टपासून सुरू होतात, परंतु तयारी दोन वर्षे आधी करावी लागते. पारपत्र, इंग्रजीची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, आपल्या कामाविषयीचे निबंध ही सामग्री ऐन वेळी जमत नाही. शहरातील मुलाला हे घरीच कळते. मेहकर वा चिखलीच्या मुलीला कळते तेव्हा मुदत संपलेली असते. ही पोकळी मग शुल्क घेणारे दलाल भरून काढतात.

येथे धर्मग्रामांना बरेच काही करता येईल. शाळा आपण चालवितो, इंग्रजी जाणणारे शिक्षक आपल्याकडे आहेत, परदेशात शिकून आलेले धर्मगुरूही आहेत. प्रत्येक धर्मग्रामात दोन जाणकारांनी अर्जांच्या तारखांचा फलक लावावा, महिन्यातून एकदा पदवीच्या मुलामुलींना बसवून निबंध तपासावेत. आणि ते सर्वधर्मीय मुलांसाठी करावे. जागा वाढविण्याची मागणी शासनाकडे चालूच राहील. परंतु अर्जच गेला नाही, तर नाकारले म्हणून तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी?