आधी पदक, मग बूट

इ. स. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. तेथे स्वप्ना बर्मन या एकवीस वर्षांच्या बंगाली मुलीने हेप्टॅथलॉन या प्रकारात ६,०२६ गुण मिळवून सुवर्णपदक पटकाविले. हा मान मिळविणारी ती पहिलीच भारतीय स्त्री होय. त्या दोन दिवसांत तिची दाढ असह्य ठणकत होती. गालावर पट्टी चिकटवून ती मैदानात उतरली. शिवाय तिच्या दोन्ही पायांना जन्मतःच सहा-सहा बोटे. वर्तमानपत्रांनी या दाढेचे आणि या बोटांचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले. मुलांनो, या कौतुकातील एक गोष्ट मला खटकते, ती आज तुमच्यापुढे मांडतो.

हेप्टॅथलॉन म्हणजे सात खेळांची एकच स्पर्धा. पहिल्या दिवशी शंभर मीटरची अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक व दोनशे मीटरची धाव. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि अखेरीस, शरीर थकून गेले असता, आठशे मीटरची धाव. वेगाने धावणाऱ्याचे अंग हलके असावे लागते, तर गोळा फेकणाऱ्याच्या अंगी बळ लागते. येथे दोन्ही गुण एकाच देहात नांदावे लागतात. प्रत्येक खेळातील कामगिरीला ठरलेले गुण मिळतात व त्यांची बेरीज होते. जाकार्त्यात स्वप्ना उंच उडीत (१.८२ मीटर) आणि भालाफेकीत (५०.६३ मीटर) पहिली आली, पण दोनशे मीटरच्या धावेत तिचा क्रमांक सातवा होता आणि शेवटच्या शर्यतीत चौथा. तरीही बेरजेत ती सर्वांच्या पुढे! एका खेळातील उणीव दुसऱ्यात भरून काढण्याची ही कला खरे पाहता दाढदुखीपेक्षा अधिक वर्णन करण्याजोगी होती. ही बेरीज किती काटेकोर असते पाहा. २०२३ साली हांगझौ येथील आशियाई स्पर्धेत स्वप्नाला ५,७०८ गुण मिळाले, तर आपल्याच देशाच्या नंदिनी अगसराला ५,७१२. त्या चार गुणांनी स्वप्नाचे कांस्यपदक हुकले. लांब उडीत चार गुण म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर.

जेथे सेंटिमीटरचा हिशेब होतो, तेथे पायातील बूट ही किरकोळ बाब कशी म्हणावी? बाजारातील बूट पाच बोटांच्या पायासाठी बेतलेले असतात. त्यांत सहा बोटे कोंबून धावायचे आणि उडी घेऊन त्याच पायांवर भार झेलायचा, हे तिने वर्षानुवर्षे केले. जलपायगुडीजवळच्या तिच्या घरी वडील रिक्षा ओढीत. २०१३ पासून तेही अंथरुणाला खिळले होते. आई चहाच्या मळ्यात राबलेली. मापाचे बूट मुद्दाम करवून घेणे त्या घराच्या आवाक्यातले नव्हते. सुवर्णपदक मिळाल्यावर तिने आपल्याला योग्य बूट हवेत असे सांगितले, तेव्हा कोठे एका जर्मन कंपनीने तिच्या पायांची मापे घेऊन ते बनविले. आधी पदक, मग बूट! हा क्रम मला उलटा वाटतो. दुसऱ्याच्या सोशिकपणाचे गोडवे गाणे सोपे असते. त्यात आपल्याला गाठीचे काहीच द्यावे लागत नाही.

हा दोष मी इतरांच्याच माथी मारीत नाही. मी मुख्याध्यापक असताना क्रीडादिनी एक मुलगा भर उन्हात अनवाणी धावला आणि पहिला आला. मी व्यासपीठावरून त्याची पाठ थोपटली, त्याच्या जिद्दीवर चांगले दहा मिनिटे बोललो, त्याला प्रशस्तिपत्र दिले. टाळ्याही पुष्कळ झाल्या. त्याच्या पायात जोडा का नाही, हे विचारण्याचे मात्र मला त्या दिवशी सुचले नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.