कष्टकऱ्याच्या रक्तातली चरबी

शेतात राबणाऱ्याला कसलं आलंय कोलेस्टेरॉल, हा समज गावोगावी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने तो खोटा ठरवला. त्यात महाराष्ट्रातले शहरी-ग्रामीण लोकही होते. ७९ टक्के लोकांत रक्तातील चरबीचा एक तरी घटक बिघडलेला निघाला. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले जेमतेम १३.९ टक्के, ‘चांगले’ एचडीएल कमी असलेले मात्र ७२.३! तेव्हा एकट्या तुपाला दोष कशाला? ज्वारीच्या भाकरीची जागा पांढऱ्या तांदळाने घेतली, अंगमेहनतीची यंत्राने. इफ्तारची भजी असोत वा एकादशीचे साबुदाणा वडे, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की ट्रान्सफॅट वाढते, ते एचडीएल आणखी खाली ओढते. दुखत-खुपत नसताना तपासणीसाठी मजुरी कोण बुडवील? गावच्या शिबिरात साखरेसोबत लिपिडही तपासले पाहिजे.