घरगुती विचार : ओढणाऱ्याचें बळ

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला म्हणजे सोलापुराहून पंढरपूर-माळशिरसकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. गेल्या हंगामांत आमच्याच शेतावर जें घडलें, तें वाचकांस सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

उरलेला सारा ऊस एकाच खेपेंत कारखान्यास जावा, असा आमचा आग्रह होता. ट्रॅक्टर चालविणारा गडी हळूच म्हणाला, "मालक, वढंल ह्यो, पर थांबंल का?" आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. उजनीच्या कालव्यावरील पुलाचा चढ लागतांच ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें अधांतरीं झालीं आणि ट्रॉली मागें ओढूं लागली. मागून येणाऱ्यांनीं धांवत चाकांखालीं दगड घातले, म्हणून तो पोर वांचला.

त्या रात्रीं आम्हीं हिशेब मांडला. समजा, ट्रॅक्टर दोन टनांचा, रिकामी ट्रॉली दोन टनांची आणि ऊस आठ टन. म्हणजे दोन टनांच्या यंत्रामागें दहा टन! ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील तर एवढें सारें त्या यंत्राच्याच ब्रेकांनीं आवरावयाचें. शिवाय वेग दुप्पट झाला कीं आवरण्यास अंतर चौपट लागतें. इंजिनाचें बळ पाहून भार ठरविणें म्हणूनच फसवें. भार ठरवावा तो उतारावर थांबण्याच्या शक्तीवरून.

आमच्या वाडवडिलांस हें ठाऊक होतें. खिलारी बैलांची गाडी भरतांना ते आधीं तोल पाहत. मागें भार अधिक झाला तर गाडी उलाळ होऊन जूं वर उचले. पुढें अधिक झाला तर बैलांच्या माना दबत. मोटारीमागें जोडावयाच्या फिरत्या घरासही हाच न्याय लागू आहे. एकूण वजनाचा सुमारें १० ते १५ टक्के भार जोडावर यावा, असें जाणते सांगतात. तो फार कमी असल्यास मागचें घर हेलकावे खाऊं लागतें. मोटारीच्या मर्यादेंत आंत बसलेलें कुटुंब व त्याच्या ट्रंकाही मोजावयाच्या असतात, हें हौशी मंडळी विसरतात.

बैलांच्या ओझ्याविषयीं १९६५ सालीं केंद्र सरकारनें नियम केले. लांब व कठीण चढावर ओझें निम्में करावें, असें त्यांत सांगितलें आहे. मुक्या जनावराच्या वतीनें कायदा बोलला. आमचा गडी तर तोंडानें बोलला होता, आणि आम्हीं ऐकलें नाहीं.

आतां आमच्या शेतावरून दोन खेपा जातात. डिझेल थोडें अधिक लागतें. पण गाडी किती भरावयाची, हें तोच ठरवितो.